आडनाव कॅरिअर, करिअर हवेचं!

हो, एसीवर लिहिलेलं ते ‘कॅरिअर’ हे एका माणसाचं आडनाव आहे. विलिस हॅविलँड कॅरिअर. जन्म 26 नोव्हेंबर 1876, अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला नावाच्या गावी, शेतकऱ्याच्या घरात. मेकॅनिकलला असाल तर तुम्ही त्याला शिव्याही घातल्या असतील, कारण थर्मोच्या पेपरात घाम फोडणारा सायक्रोमेट्रिक चार्ट ज्या सूत्रांवर उभा आहे, ती त्याने 1911 मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संघटनेसमोर मांडली. बाकीच्यांनी घाबरू नका, चार्ट काढायला लावणार नाही.

गंमत म्हणजे या पठ्ठ्याला लहानपणी अपूर्णांक कळत नव्हते. आईने सफरचंदं आणायला सांगितली, ती अर्धी कापली, मग पाव, मग अष्टमांश, आणि पुन्हा जुळवायला लावली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो 11 वर्षांचा असताना आई गेली, पण मोठ्ठा प्रश्न समोर आला की आधी त्याचे तुकडे करायचे ही सवय मात्र राहिली.

कॉर्नेल विद्यापीठात स्कॉलरशिपवर शिकून 1901 मध्ये तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला 10 डॉलर. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याचं काम त्याच्याकडे आलं. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगवेगळा चढवायचा. पण हवेतला ओलावा बदलला की कागद फुगायचा नाहीतर आकसायचा, आणि रंग एकमेकांवर नीट बसायचेच नाहीत. म्हणजे बघा, एसीची सुरुवात माणसाला उकडतंय म्हणून झाली नाही, कागदाला त्रास होतोय म्हणून झाली! 25 वर्षांच्या कॅरिअरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातला ओलावा काढायची योजना आखली. त्या आराखड्यांवर 17 जुलै 1902 ही तारीख आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या स्टेशनवर तो गाडीची वाट बघत होता. आजूबाजूला दाट धुकं. तुम्ही-आम्ही मोबाइल काढला असता. याने धुक्याकडे बघितलं. धुक्यातली हवा ओलाव्याने पूर्ण भरलेली असते, पण ती गार असल्यामुळे तिच्यात एकूण पाणी तसं थोडंच मावतं. मग आपणच हव्या त्या तापमानाचं धुकं तयार केलं तर? हवेत थंड पाण्याचा फवारा मारायचा आणि फवाऱ्याचं तापमान ठरवून हवेतला ओलावा ठरवायचा. पाणी मारून हवा कोरडी करायची! ऐकायला वेडेपणा वाटतो, पण 1906 मध्ये त्याला याचं पेटंट मिळालं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, कंपनीने खर्चाला कात्री लावली आणि हवेचा विभागच गुंडाळायचं ठरवलं. आता? 1915 मध्ये तो आणि सहा इंजिनिअर मित्र बाहेर पडले आणि 32,600 डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. आज याला आपण स्टार्टअप म्हणतो.

आता खरा मुद्दा. तेव्हाची थंडाव्याची मशीन्स म्हणजे धाडधाड करणारे अवजड पिस्टन आणि आत विषारी अमोनिया. गळती झाली तर माणसं जायची, त्यामुळे ती गर्दीच्या ठिकाणी लावणं धोक्याचंच. कॅरिअरने पिस्टन काढून टाकला आणि गरगर फिरणाऱ्या चाकाने वायू दाबणारं मशीन बनवलं, अमोनियापेक्षा सुरक्षित द्रव वापरून. 1922 मध्ये त्याने ते लोकांसमोर आणलं. हाच सेंट्रिफ्यूगल चिलर. आजही मोठाल्या इमारतींच्या प्लांट रूममध्ये याचेच वंशज घुमत असतात. चिलर हवा नाही, पाणी थंड करतो. ते पाणी पाइपांतून मजल्यामजल्यावर जाऊन तिथली उष्णता घेऊन परत येतं.

1924 मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या प्रचंड दुकानात हे चिलर बसले. तिथे तळघरातल्या सेलला इतकी झुंबड उडायची की लोकांना घेरी यायची. आणि इथे एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे: एकच भलंमोठं मशीन न बसवता प्रत्येकी 195 टनांची तीन बसवली. (हा टन वजनाचा नाही. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी दिवसभरात खेचण्याची ताकद म्हणजे एक टन.)

तीन का? आईची सफरचंदं आठवा. इमारतीला पूर्ण ताकदीचा गारवा वर्षातले थोडेच तास लागतो. सकाळी, रात्री, पावसाळ्यात काम तिसऱ्या हिश्श्यावर येतं. तेव्हा एक चालवा, दोन बंद ठेवा. तिन्ही रेंगाळत ठेवले तर प्रत्येकाचा पाण्याचा पंप चालूच राहतो, आणि ठरलेल्या वेगाचा सेंट्रिफ्यूगल चिलर फार कमी कामावर धड चालतही नाही. दाबलेला वायू उलटा फिरतो आणि मशीन हादरतं. कुठे ना कुठे आजही हेच होतं. तक्रार नको म्हणून सगळं चालू, आणि बिल तुमच्या फीमधून!

पण ‘कमीत कमी मशीन्स चालवा’ हाही सरसकट नियम नाही बरं का. आता चिलरचा वेग कमी-जास्त करता येतो. बाहेर हवा गार असेल तर एकाला पूर्ण राबवण्यापेक्षा दोघांना अर्ध्या-अर्ध्या कामावर हळू चालवणं कधी कधी स्वस्त पडतं. पंप आणि पंख्यांचं गणित तर भन्नाटच: वेग 20 टक्क्यांनी कमी केला की वीज कागदावर जवळजवळ निम्मी होते. म्हणून चिलर, पंप, छतावरचा कूलिंग टॉवर या सगळ्यांची वीज एकत्र मोजायची आणि मग ठरवायचं कोण चालेल. नुसता चिलरचा मीटर बघून फसायला होतं.

कॅरिअरला प्रसिद्धी मात्र सिनेमाने दिली. 1925 च्या मे अखेरीस न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर. लोक हातपंखे घेऊन आले. मशीन सुरू व्हायला उशीर झाला, सगळे फडफड वारा घेतायत, आणि मागे कॅरिअर आणि त्याची माणसं घामाघूम. हळूहळू एकेक पंखा मांडीवर विसावला. पॅरामाउंटचे बडे साहेब अॅडॉल्फ झुकर स्वतः हजर होते, त्यांनाही पटलं. या काळात थिएटरसाठी या मंडळींनी आणखी एक शक्कल लढवली होती. सगळी हवा थंड करायची नाही. आतलीच थोडी हवा थंड हवेत मिसळून छतातून सोडायची. काम तेच, खर्च कमी.

मग 1929 ची मंदी आली, कंपनी डबघाईला आली, कशीबशी तरली. घरोघरी एसी पोचायच्या आधीच, 7 ऑक्टोबर 1950 रोजी कॅरिअर गेला.

त्याचे ते सफरचंदाचे तुकडे बघायचे असतील तर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलची किंवा ऑफिसची प्लांट रूम परवानगी काढून नक्की बघा. कानात बोळे घाला, आवाज भयंकर असतो. आणि तिथल्या ऑपरेटरकाकांना विचारा: आत्ता किती चिलर चालू आहेत, आणि रात्री दोनला किती असतात?