पाडण्याआधी पाहणारा माणूस

१८७९ साली पंचविशीतला एक स्कॉटिश तरुण जीवाश्म आणि वनस्पती गोळा करायला मेक्सिकोला गेला. तिथे त्याचे डोळे गेले. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे बसवून ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर ज्याची सारी विद्या उभी, त्याच्यावर ओढवलेला हा प्रसंग. वेळ जाता जात नव्हता. चाचपडताना एकदा त्याच्या बोटांना खिडकीची तावदाने लागली. उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मध्ये चौकोन. त्याच्या मनात आले, की एकेका चौकोनात एकेक विचार ठेवला, तर शेजारच्या दोन विचारांचे नाते आपोआप दिसेल. पुढे दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याचे बळ डोळ्यांत उरले नाही. खिडकी मात्र मनात कायमची बसली. त्या दिवसानंतर कागदाला घड्या घालून, चौकोन पाडून विचार करण्याची सवय त्याला जन्मभर लागली.

हा तरुण म्हणजे पॅट्रिक गेडिस. वास्तू माणसाच्या विचाराला वळण देते आणि विचार पुन्हा वास्तूला आकार देतो, हे त्यांनी आधी अंगावर अनुभवले आणि मग आयुष्यभर जगाला सांगितले. आधुनिक नगररचनेच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. आपल्याला त्यांच्याविषयी वेगळी जवळीक वाटायला हवी, कारण त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची दहा वर्षे भारतात गेली आणि त्यातली शेवटची मुंबईत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवरच्या घरात गेले. लंडनला ते थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली शिकले, पण पदवी कुठलीच घेतली नाही. तरीही १८८८ साली डंडी इथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकवायचे ते फक्त उन्हाळ्याच्या सत्रात. उरलेले महिने त्यांनी स्वतःच्या वेडाला वाहिले.

ते वेड सुरू झाले एडिंबरोत. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले आणि लवकरच हे सुशिक्षित जोडपे जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या बकाल वस्तीत राहायला गेले. एकेकाळी तिथे प्रतिष्ठित लोक राहत. ते नव्या शहरात निघून गेल्यावर उंच दगडी इमारतींत गरिबांची दाटी झाली होती. तान्ह्या मुलीला घेऊन गेडिस दांपत्याने तिथे संसार मांडला. शेजाऱ्यांना उपदेश न करता त्यांनी आधी आपल्या खोल्या झाडल्या, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. हळूहळू शेजारीही पुढे आले. जे पाडायलाच हवे तेवढे पाडायचे, बाकीचे दुरुस्त करायचे, मिळालेल्या मोकळ्या जागेत बाग फुलवायची, ही त्यांची पद्धत याच अंगणात जन्मली. तिला त्यांनी पुढे राखून केलेल्या शस्त्रक्रियेचे नाव दिले.

१८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा हाती घेतला. पाहुण्याने आधी धापा टाकत थेट वरच्या मजल्यावर जायचे. तिथल्या अंधाऱ्या खोलीत आरसा आणि भिंगाच्या साहाय्याने सगळे शहर एका पांढऱ्या मेजावर उतरलेले दिसे : चालती माणसे, धूर, ढग. मग एकेक मजला खाली. आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषा बोलणारे देश, मग युरोप आणि तळाशी जग. पाहून पाहून डोळे भरले, की क्षणभर बसायला एक रिकामी कोठडीही होती. तिथे एका खुर्चीशिवाय काही नव्हते. बाहेर पाहिलेले आत जिरवायचे ते तिथे. इमारत म्हणजे चढता-उतरता येणारा विचार, हे पटवण्यासाठी त्यांना व्याख्यानाची गरज पडली नाही.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रांचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने निघाले होते. ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. साठ वर्षांच्या गृहस्थाने हाय खाल्ली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण मायदेशी मित्रांनी धावपळ करून नवे प्रदर्शन जुळवले आणि १९१५च्या प्रारंभी ते मद्रासला उघडलेही.

त्या काळी आपल्याकडे शहर सुधारणे म्हणजे काय होते? १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. दाट वस्तीवर पट्टी ठेवायची, सरळ रस्ता आखायचा, मध्ये येतील ती घरे पाडायची, असा एकूण खाक्या. पाडलेल्या घरांतली माणसे जात कुठे? शेजारच्या वस्तीत. म्हणजे गर्दी हटायची नाही, नुसती सरकायची. गेडिस मात्र नकाशा उघडण्याआधी पायी हिंडत. विहीर कुठे आहे, पार कुठे आहे, बायका बसतात कुठे, मुले खेळतात कुठे, हे पाहत. तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी त्यांनी दिलेली योजना सरळ रस्त्याच्या योजनेच्या साधारण सहाव्या हिश्श्यात बसत होती. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्याऐवजी त्यात मासे आणि बदके सोडा, असे ते सुचवत. अंगणातल्या तुळशीचे त्यांना फार कौतुक. नीट राखलेल्या घराची ती खूण आहे, असे त्यांना वाटे.

१९१७ साल त्यांच्यासाठी काळ बनून आले. एप्रिलमध्ये मोठा मुलगा अलास्डेर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतातच आजारी होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांना सांगितली नाही. मुलगा गेल्याचे कळण्याआधीच जूनमध्ये कलकत्त्याला ॲनाही गेल्या. ज्या दोघांच्या आधाराने त्यांनी सारे उभे केले, ती दोन्ही माणसे दोन महिन्यांत हरपली.

याच सुमारास होळकरांच्या इंदूरने त्यांना बोलावले. शहरात प्लेगचे भय होते आणि लोक या दाढीवाल्या साहेबाकडेही संशयाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीचा आधार घेतला. यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे साफ, दुरुस्त आणि रंगवलेली असतील तिथून जाईल, असे जाहीर झाले. मग काय, आळी-आळीत चुरस लागली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. पांढरे स्वच्छ कपडे घालून, फुलांनी सजवलेले झाडू घेऊन सफाई कामगार सन्मानाने चालले. शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. एका दिवसाच्या मानाने त्या कामगारांचे भोग सरले नाहीत, हे खरेच. पण नगरपालिकेच्या नोटिसीने जे घडले नसते ते एका सणाने घडवले. १९१८मध्ये इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. बोलणे दाढीत हरवणारे, अक्षर न लागणारे, विषय सतत बदलणारे असे हे गुरुजी विद्यार्थ्यांना सोपे गेले नसणार. पण त्यांनीच हेरलेला एक विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि परत येऊन १९२४मध्ये त्या विभागाचा प्रमुख झाला. ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, १९२०मध्ये लिहिले.

१९२४ साली प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला आणि फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए इथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. १९२५ साली तेल अवीवचा आराखडा दिला. १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच, माँपेलिएला, त्यांचे निधन झाले. भारतातल्या शहरांवरचे त्यांचे पन्नासेक अहवाल बहुतेक दप्तरांत पडून राहिले.

आज पुण्यात वाडे आणि मुंबईत चाळी एकामागून एक जात आहेत. गळके छप्पर आणि सामाईक संडास कुणालाही नको असतात. नव्या घराची आस चुकीची नाही. गेडिसही मोडकळीला आलेल्या भिंतीला कवटाळून बसणारे नव्हते. पण वाड्याचा चौक किंवा चाळीची गॅलरी पाडताना दगड-लाकडाबरोबर आणखी काय जाते? संध्याकाळी दार उघडे ठेवण्याची सवय, शेजारच्या मुलाला हक्काने रागावण्याची मुभा, आजारपणात न बोलावता येणारी माणसे. नव्या इमारतीच्या आराखड्यात या गोष्टींसाठी चार हात जागा ठेवता येते. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. पाडण्याआधी कुणीतरी तिथे जाऊन, पायी हिंडून पाहावे मात्र लागते.