शब्द शोधणारे राजवाडे

आज मी तुम्हाला एका थोर माणसाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात. पण मला ते शब्द शोधणारे म्हणून आवडतात. ते का, ते आधी सांगतो.

आमच्या वर्गात शनिवारी शब्दांचा खेळ असतो. गुरुजी फळ्यावर इंग्रजीची तीन अक्षरे लिहितात. ती तिन्ही ज्यात आहेत असे शब्द शोधायचे. अक्षरे मागेपुढे असली तरी चालतात. एका शनिवारी ए, टी आणि आर ही अक्षरे होती. रॅट, कार्ट, स्टार, वॉटर, टीचर असे पटापट शब्द निघाले. फादर पण निघाला. मग मी जोरात मदर म्हणालो. गुरुजींनी स्पेलिंग सांगायला लावले, तर त्यात ए नाहीच, ओ आहे! सगळे हसले.

मग मराठीची पाळी आली. ज्यात ळ आहे असे शब्द लिहायचे होते. मी घाईघाईत डोया, काया, जयगाव असे लिहिले. कारण आमच्या घरी अहिराणी बोलतात आणि अहिराणीत ळ चा य होतो. आजी धुळ्याला पण धुये म्हणते. मुले पुन्हा हसली. घरी तीही तसेच बोलतात, तरी हसली. मला रडू आले. पण गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले की हे शब्द चुकीचे नाहीत, फक्त ळ च्या यादीत बसत नाहीत. जुन्या कागदांतले आणि लोकांच्या तोंडचे शब्द शोधत एक विद्वान माणूस जन्मभर हिंडला, आणि शेवटी तो आपल्या धुळ्यातच वारला. मग त्यांनी आम्हाला राजवाड्यांची गोष्ट सांगितली.

राजवाड्यांचा जन्म 1863 साली झाला. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. पुण्यात शिकून ते बी. ए. झाले. थोडे दिवस त्यांनी शाळेत शिकवले, मग ती नोकरी सोडून दिली. त्यांची पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करायचे आणि गावोगाव हिंडायचे, पुष्कळदा पायीच.

ते कशासाठी हिंडत? तर जुन्या कागदांसाठी. जुन्या घरांत माळ्यावर नाहीतर पेटीत मोडी लिपीचे कागद पडलेले असत. काहींना वाळवी लागलेली, काही उंदरांनी कुरतडलेले. असे कागद मिळवून, वाचून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाचे 22 खंड काढले. पहिला खंड 1898 साली निघाला. नंतर 1910 साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

मोडी वाचणे फार अवघड असते. मोडीत आधी एक लांब रेघ ओढतात आणि तिच्याखाली सलग लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ पण वेगळे नसते. (ते मात्र मला आवडले. माझे शुद्धलेखनाचे मार्क त्यातच जातात.) म्हणजे राजवाड्यांच्या हातात कागद आला की अक्षरांच्या रांगेतून आधी शब्द शोधून काढायचा. आमचा शनिवारचा खेळ तीन अक्षरांचा, त्यांचा खेळ हजारो कागदांचा!

त्यांना इंग्रजी उत्तम येत होते. तरी त्यांनी आपले लेखन मराठीतच केले. मला हे आधी खरे वाटेना. कारण आमच्या घरी सगळे म्हणतात, इंग्रजी आले म्हणजे सगळे आले.

राजवाड्यांनी मराठी धातूंचा कोश तयार केला. धातू म्हणजे इथे तांबे-लोखंड नव्हे. क्रियापदाच्या मुळाला धातू म्हणतात. जसे, चाल हा धातू घेतला तर चालणे, चालवणे, चालता असे शब्द त्याच्या घरातले.

पण नुसती अक्षरे बघून भागत नाही. इंग्रजीत हार्ट शब्दाच्या पोटात इअरची तिन्ही अक्षरे ओळीने आहेत, पण काळजाचा आणि कानाचा काही संबंध नाही. करवंदात पण कर आहे, म्हणून काही ते करणे या शब्दातून आलेले नाही. म्हणून राजवाडे शब्द नीट ताडून बघत. तो संस्कृतात कसा होता, जुन्या ज्ञानेश्वरीत कसा लिहिला आहे, आणि आता लोक तो कसा बोलतात, हे सगळे बघत. एवढे करूनसुद्धा त्यांची काही शब्दांची मुळे चुकली, असे नंतरच्या विद्वानांनी दाखवले. हे ऐकून मला बरे वाटले. माझे तर एक मदरच चुकले होते.

असे हे राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या पेट्या आणि कागद पोरके झाले असते. पण लोकांनी लगेच जानेवारी 1927 मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यांचा धातुकोश 1937 साली छापून निघाला, म्हणजे ते गेल्यावर दहा वर्षांनी. दिवाळीत मी मामांकडे धुळ्याला गेलो तेव्हा त्यांनी मला राजवाडे संशोधन मंदिर दाखवले. तिथे जुने कागद आणि जुन्या मूर्ती जपून ठेवल्या आहेत.

मी गावी परत आलो तर आजी पत्र्याची पेटी आवरत होती. तळाशी एक पिवळा कागद निघाला. त्यावर लांब रेघा आणि खाली सलग अक्षरे होती. आजी तो चुलीत घालणार होती. मी ओरडलो, हा मोडी आहे, जाळू नको! वडिलांनी तो पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. त्यात काय लिहिले आहे ते घरात कोणालाच वाचता येत नाही. शेताचे असेल, नाहीतर कर्जाचे असेल. वाचणारा भेटला की कळेल.

पालकांनो, तुमच्या घरी असा कागद असेल तर कृपा करून जाळू नका. आणि मित्रांनो, मी एक वही केली आहे. तिच्यात एका बाजूला डोळा, दुसऱ्या बाजूला डोया, असे आजीचे शब्द लिहितो. आतापर्यंत 64 झाले. तुमच्या आजीचे शब्द पण मला आणून द्या. मी हसणार नाही.

शब्दांसाठी जन्म घालवणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांना माझे शतशः प्रणाम.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी