मृत्यूचाही हिशेब ठेवणारा शल्यविशारद

हार्वर्डमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी असताना डॉ. हार्वे कुशिंग (१८६९-१९३९) यांनी ईथरची गुंगी दिलेला एक रुग्ण दगावला. अशा घटना त्या काळी नवलाच्या नव्हत्या. कुशिंग यांना मात्र ती विसरता आली नाही. मित्र अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या नाडीचा व श्वासाचा तक्ता ठेवण्यास आरंभ केला. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे पाहिलेला रक्तदाबमापक त्यांनी अमेरिकेत नेला.

पुढे मेंदूतील गाठी हेच त्यांचे जीवितकार्य झाले. तपासणीने खातरजमा झालेली गाठच गणतीत धरावयाची, हा त्यांचा दंडक. १९३१ मध्ये ही गणती २,००० वर पोहोचली. दगावलेल्यांचे आकडेही त्यांनी प्रसिद्ध केले. वाचलेल्यांनी दर वर्षी शस्त्रक्रियेच्या तिथीस पत्राने खुशाली कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. स्वभाव कमालीचा करडा, आणि सहायकांना त्याची झळ बसे, हे झाकण्यात अर्थ नाही. तरी डॉ. लुईझ आयझेनहार्ट यांनी त्या नोंदी निष्ठेने सांभाळल्या. मेंदूंच्या बरण्या मात्र येल विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या तळघरात कित्येक वर्षे धूळ खात होत्या; २०१० मध्ये त्या अखेर प्रदर्शनात मांडल्या गेल्या.