थोर संशोधक जोसेफ ब्रामा : जेसीबीच्या हातातली ताकद कुठून आली?



आपल्याकडे बॅकहो मशीनला सरसकट जेसीबी म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. आमच्या गावात एका मशीनवाल्याने परवा स्वतःच्या अंगणातच सिलिंडर खोलला होता. बकेट जमिनीला टेकवलेली, इंजिन बंद, दांडे हलवून आतला दाब काढून टाकलेला. चकचकीत रॉड ताडपत्रीवर आडवा ठेवलेला आणि शेजारी नवीन सील किट. तेल गळायला लागलं होतं, उचललेला हात आपोआप खाली बसत होता, म्हणून सील बदलायचं काम चाललं होतं. शाळेतली पोरं भोवती उभी होतीच. त्यातल्या एकाने मला विचारलं, "सर, ह्या रिंगला एकाच बाजूने खाच का?"

उत्तर द्यायला मला सव्वादोनशे वर्षं मागं जावं लागलं.

जोसेफ ब्रामा यांचा जन्म 1748 साली इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर परगण्यातल्या बार्न्सलीजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. पोरगा मोठा होऊन नांगर धरेल हे ठरलेलंच होतं. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास पायाला दुखापत झाली आणि जोसेफ लंगडू लागला. शेतीला उपयोग नाही म्हणून त्याला गावच्या सुताराकडे कामाला घातलं. (आपल्याकडेही असं किती मुलांच्या बाबतीत होतं, बघा.) काम शिकून तो लंडनला गेला आणि लाकडी सामान बनवू लागला.

तिथं त्याच्याकडे श्रीमंतांच्या घरात शौचकूप बसवायचं काम यायचं. थंडीत त्यातली सरकती झडप गोठून अडकायची. जोसेफने तिच्या जागी बिजागरीची झडप बसवली आणि 1778 मध्ये पेटंट घेतलं. मुलं हे ऐकून हसतात, हसू द्यावं. पण लक्षात घ्या, या माणसाचं आयुष्यभराचं काम एका वाक्यात सांगायचं तर पाणी हवं तिथं जाऊ देणं आणि नको तिथं अडवणं, हेच होतं.

पुढे 1784 मध्ये ब्रामा यांनी कुलूप बनवलं. आपल्या दुकानाच्या खिडकीत त्यांनी ते मांडलं आणि जाहीर केलं की हे किल्लीशिवाय उघडेल त्याला 200 गिनी बक्षीस. 1851 पर्यंत कोणालाही ते जमलं नाही. त्या वर्षी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, तेही 16 दिवसांत मिळून 51 तास खपून.

हे कुलूप हाताने बनवणं फार कष्टाचं होतं. भाग इतके बारीक की थोडं इकडंतिकडं झालं तरी वाया. म्हणून 1789 मध्ये ब्रामा यांनी वुलविचच्या तोफखान्यातून हेन्री मॉड्स्ली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा कामावर घेतला. पोराचा हात असा होता की थोड्याच वर्षांत तो कारखान्याचा मुख्य मिस्त्री झाला. हे नाव लक्षात ठेवा.

आता येऊ आपल्या विषयावर. पास्कलचा नियम आपण वर्गात शिकवतो : बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. छोट्या पिस्टनचा व्यास 1 सेंमी आणि मोठ्याचा 10 सेंमी असेल तर क्षेत्रफळ 100 पट. म्हणजे इकडे 10 किलोचा जोर दिला की तिकडे 1000 किलो उचललं जातं. फुकट काही नाही बरं का, मोठा पिस्टन 1 सेंमी वर यायला छोट्याला 100 सेंमी ढकलावं लागतं. पास्कलचं हे लिखाण 1663 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. ब्रामा यांनी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं 1795 मध्ये. मधली 132 वर्षं नियम पुस्तकात होता, मग यंत्र का नव्हतं?

कारण पाणी गळत होतं! आपण फळ्यावर दोन पिस्टन काढतो, बाण दाखवतो आणि पुढे जातो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट आपण काढतच नाही. खरं दुखणं त्या फटीतच आहे. तेव्हाचे कारागीर तिथं ताग, दोर असं काहीतरी ठासून भरायचे आणि वरून आवळायचे. सैल ठेवलं तर दाब वाढताच पाणी बाहेर. पाणी थांबेल इतकं आवळलं तर पिस्टन जागेवर गच्च बसायचा आणि काम झालं तरी खाली यायचा नाही. ब्रामा यांचा प्रेस इथंच अडला.

तोडगा निघाला तो चामड्याच्या कड्याने. कड्याचा छेद घेतला तर उलट्या 'यू' अक्षरासारखा आकार दिसतो, तोंड पाण्याच्या बाजूला. दाबाचं पाणी त्या खाचेत शिरतं आणि दोन्ही ओठ फाकवतं. एक ओठ पिस्टनला चिकटतो, दुसरा सिलिंडरच्या भिंतीला. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब सोडला की चामडं सैल पडतं आणि पिस्टन अलगद खाली येतो. म्हणजे जे पाणी निसटायला बघतंय, त्याच्याच जोरावर दार बंद! मला तरी हे कुलपापेक्षा मोठं डोकं वाटतं.

आणि हे डोकं कोणाचं? प्रेसच्या पेटंटवर नाव एकट्या ब्रामा यांचं आहे. पण मॉड्स्लीच्या हाताखाली पुढे काम केलेल्या जेम्स नास्मिथ या नामांकित अभियंत्याने आपल्या आत्मचरित्रात या कड्याचं श्रेय मॉड्स्लीला दिलं आहे. मॉड्स्लीला आठवड्याला 30 शिलिंग मिळत. लग्न झालेलं, मुलंबाळं वाढत होती, म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ब्रामा यांनी नाही म्हटलं. 1797 मध्ये तो बाहेर पडला, स्वतःचा छोटा कारखाना काढला आणि स्क्रू कापणाऱ्या लेथमुळे पुढे मालकाइतकाच मोठा झाला. ब्रामा थोर होतेच, पण इथं त्यांचं चुकलं असं मला स्पष्ट वाटतं. चरित्र सांगताना ही गोष्ट गाळू नये. मुलांना ती बरोबर कळते.

ब्रामा यांची कामं नंतरही चालूच होती. पिंपातली बीअर वर खेचणारा पंप, लाकूड रंधणारं मोठं यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर क्रमांक छापणारं यंत्र. प्रेस तर सगळीकडे गेला. आपल्या खानदेश-विदर्भातल्या प्रेसिंग फॅक्टरीत कापसाची गाठ दाबली जाते ती याच तत्त्वावर. 1849 मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाच्या अवाढव्य लोखंडी नळ्या पाण्यातून वर उचलल्या त्याही अशाच प्रेसने.

1814 मध्ये हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात ब्रामा आपला प्रेस लावून झाडं मुळासकट उपटून काढण्याच्या कामावर देखरेख करत होते. आज हेच काम आपण जेसीबीला सांगतो. तिथं थंडी बाधली, आजार वाढत गेला आणि 9 डिसेंबर 1814 रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते वारले.

तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. आता पाण्याच्या जागी तेल आलं, चामड्याच्या जागी पॉलियुरेथेन आणि रबर आलं, पण खाच तीच आहे. तोंड तेलाच्या बाजूलाच हवं. उलटी बसवली तर नवीकोरी सील पहिल्याच दाबाला गळते आणि पुन्हा सगळं खोलावं लागतं. सगळ्यात बाहेरची पातळ रिंग वेगळी, ती रॉडवरची धूळ पुसते. आणखी एक गोष्ट मुलांना बजावून सांगा : चालू मशीनवर गळती कुठून होते ते बोट लावून कधीही बघायचं नाही. बारीक भोकातून दाबाने येणारं तेल कातडीत घुसतं.

वर्गात करायचं असेल तर सुई काढलेल्या दोन नवीन सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. पाणी भरून सलाइनच्या नळीने जोडा. लहान सिरिंज सर्वांत बारीक मुलाच्या हातात द्या आणि मोठी वर्गातल्या पैलवानाच्या. पैलवान हरतो, वर्ग ओरडतो. मग मोठ्या सिरिंजच्या दांड्याचं काळं रबरी टोक काढा, नुसता प्लास्टिकचा दांडा आत घाला आणि पुन्हा दाबायला सांगा. पाणी पैलवानाच्या मनगटावरून खाली येईल.