स्मार्ट ग्लासेसमधली ट्रिक १८६२ सालची आहे, आणि ती गाजली एका भुतामुळे

रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलात की काचेतून बाहेरची झाडं दिसतात आणि त्याच काचेत तुमचा चेहराही दिसतो. जणू तुम्ही बाहेर अंधारात तरंगताय. २०१३ मध्ये आलेल्या गुगल ग्लासमध्ये डोळ्यासमोर अक्षरं तरंगायची, त्यामागेही हेच तत्त्व होतं. अर्धा प्रकाश आरपार सोडणारी आणि अर्धा परावर्तित करणारी काच. चष्म्यात ती नखाएवढ्या प्रिझममध्ये बसवली होती, एवढाच फरक.

या काचेला जगभर नाव मिळवून दिलं जॉन हेन्री पेपर यांनी. त्यांना सगळे प्रोफेसर पेपर म्हणायचे. आता हे कुठल्या विद्यापीठाचे प्रोफेसर? तर कुठल्याच नाही.

पेपर यांचा जन्म १८२१ चा, लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधला. शिक्षण रसायनशास्त्राचं. १८४० च्या दशकाच्या शेवटी ते रीजंट स्ट्रीटवरच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये लागले. नावावरून कॉलेज वाटतं, पण तेव्हा ती होती तिकीट काढून विज्ञान बघायची जागा. लोकांना डायव्हिंग बेलमध्ये बसवून पाण्याखाली सोडायचे, विजेचे प्रयोग दाखवायचे. पेपर यांचं बोलणं पब्लिकला आवडायचं. पुढे ते तिथले संचालक झाले, मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली आणि ती खपलीही. ‘प्रोफेसर’ ही पदवी याच पॉलिटेक्निकची देणगी.

आता यात दुसऱ्या माणसाची एन्ट्री होते. हेन्री डर्क्स, लिव्हरपूलचे इंजिनिअर. १८५८ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांच्या परिषदेत एक कल्पना मांडली. रंगमंचावर मोठी काच उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी माणूस उभा करून त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकायचा, म्हणजे त्याचं प्रतिबिंब खऱ्या नटाशेजारी उभं दिसेल. कल्पना भारी होती. पण त्यांच्या मांडणीसाठी नाट्यगृहच वेगळं बांधायला लागणार होतं. एका खेळासाठी थिएटर कोण पाडून बांधणार? मालकांनी हात वर केले.

मॉडेल पेपर यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी तोडगा काढला. काच थोडी तिरकी करायची आणि भुताचं काम करणाऱ्या नटाला रंगमंचाच्या पुढे, खालच्या खड्ड्यात उतरवायचं. बस्स. आहे त्याच थिएटरात काम झालं.

२४ डिसेंबर १८६२. नाताळची आदली रात्र. पॉलिटेक्निकमध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘द हाँटेड मॅन’ या कथेवरचा प्रवेश सुरू झाला आणि रंगमंचावर हवेतून भूत उगवलं. आरपार दिसणारं, हालचाल करणारं. लंडन वेडं झालं. राजपुत्रसुद्धा बघून गेले. मायकेल फॅरेडे यांनाही कोडं सुटेना, मग त्यांना मागे नेऊन काचेला हात लावायला दिला तेव्हा उलगडा झाला, असा किस्सा पुढे पेपर यांनीच सांगितला.

कसरत मात्र नटांची व्हायची. प्रेक्षकांना दिसणारं भूत रंगमंचावरच्या नटाला दिसतच नव्हतं. तलवार कुठे चालवायची हे पाठ करून ठेवावं लागे. काचेमुळे आवाज अडायचा, म्हणून संवाद कमी आणि हातवारे जास्त. आणि सभागृहात थोडा जास्त उजेड झाला की भूत पुसट. भर उन्हात स्मार्ट ग्लासेसवरची अक्षरं फिकी का पडतात, त्याचंही कारण हेच.

फेब्रुवारी १८६३ मध्ये पेटंट घेतलं गेलं, दोघांच्या नावाने. डर्क्स यांनी पैशांवरचा हक्क सोडला होता. त्यांना हवं होतं श्रेय. पण लोकांच्या तोंडी बसलं ते ‘पेपर्स घोस्ट’. जाहिरातीत पेपर, चर्चेत पेपर. डर्क्स इतके दुखावले की त्याच वर्षी त्यांनी स्वतःची बाजू मांडणारं पुस्तक काढलं. फरक पडला नाही. १८७३ मध्ये ते गेले, तेव्हाही भूत पेपर यांचंच होतं.

खरं सांगायचं तर दोघांपैकी एकजण नसता तरी हे भूत उभं राहिलं नसतं. पण नाव एकाचंच लागलं.

पेपर यांचीही पुढची वाट सोपी नव्हती. १८७२ मध्ये त्यांनी पॉलिटेक्निक सोडलं, अमेरिकेचा दौरा केला आणि १८७९ मध्ये ऑस्ट्रेलिया गाठलं. १८८२ मध्ये ब्रिस्बेनजवळ त्यांनी चक्क पाऊस पाडायचा जाहीर प्रयोग केला. मोठी शेकोटी, पतंग, स्फोट, सगळं झालं. पाऊस काही आला नाही. जमलेल्या गर्दीने यथेच्छ टिंगल केली. म्हातारपणी इंग्लंडला परतल्यावर १८९० मध्ये त्यांनी भुताची खरी हकीकत सांगणारं पुस्तक लिहिलं, आणि २५ मार्च १९०० रोजी त्यांचं निधन झालं.

ट्रिक मात्र थांबली नाही. २०१२ च्या गुजरात निवडणुकीत नरेंद्र मोदींची एकाच वेळी अनेक ठिकाणी झालेली ‘होलोग्राम’ भाषणं आठवतात? ते पेपर्स घोस्टच होतं, फक्त काचेऐवजी पातळ पारदर्शक फिल्म.

चष्म्याकडे हा प्रवास वळला १९६८ मध्ये. अमेरिकेत इव्हान सदरलंड यांनी डोक्यावर घालायचं यंत्र बनवलं. दोन छोट्या पिक्चर ट्यूब आणि डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे. घालणाऱ्याला समोरची खोली दिसायची आणि त्याच खोलीत रेषांचा एक ठोकळा तरंगताना दिसायचा. डोकं कुठे वळतंय हे मोजणारा यंत्राचा दांडा थेट छताला जोडलेला होता. त्यामुळे घालणाऱ्याला फिरायला जागा तेवढीच, दांडा पोचेल तिथपर्यंत.