कीर्तनातील वासरू

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापनेचा मंगल दिवस. इ. स. १७०० मध्ये याच तिथीस संत बहिणाबाईंनी शिऊर येथे देह ठेवला. तुकोबारायांच्या शिष्या म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु भर कीर्तनात रडणारी मुलगी म्हणून त्यांचे स्मरण सहसा कोणी करीत नाही.

वेरूळजवळील देवगाव येथे १६२८ साली आऊदेव व जानकी या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच त्यांचा विवाह तिशीच्या विधुर गंगाधरपंतांशी झाला. पुढे घरच्या तंट्यांमुळे साऱ्या कुटुंबास गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी वणवण करीत ही मंडळी कोल्हापुरास बहिरंभटांच्या आश्रयास राहिली. त्या हालअपेष्टांतही आईवडील मुलांना हरिकथेस सोबत नेत.

बहिरंभटांनी गंगाधरपंतांस एक सवत्स कपिला गाय दिली. तिचे वासरू बहिणेचा पदर सोडीना. कथेलाही ते तिच्यामागे जाई. एकदा जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनास अलोट गर्दी लोटली, तेव्हा अडचण नको म्हणून मंडळींनी वासरू बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले आणि आत ती अकराएक वर्षांची पोर स्फुंदून रडू लागली. अशा वेळी आम्हां कीर्तनकारांपैकी कित्येकांच्या कपाळी आठी पडते, आणि ती पाहून लेकुरवाळी माउली ओशाळून उठून जाते. स्वामींनी वासरू आत आणविले, आणि दोघांच्याही मस्तकांवरून हात फिरविला.

लेकराला कडेवर घेऊन येणाऱ्या मातापित्यांनी म्हणूनच दाराआड बसू नये, खुशाल पुढे यावे. मूल चुळबुळ करील, मध्येच पाणी मागेल, टाळांना हात घालील. त्याने काय बिघडते? मुलाला कळू लागेल तेव्हा आणावे, असे शहाणे लोक म्हणतात. बहिणेला तरी त्या दिवशी शास्त्रार्थ कोठे उमगत होता?

या प्रसंगाची किंमत मात्र तिला जबर मोजावी लागली. लोकांत बोभाटा झाला म्हणून गंगाधरपंतांनी तिला केसांस धरून मारले, बांधून ठेविले. वासराने चारापाणी वर्ज्य केले आणि प्राण सोडले. बहिणाबाई मूर्च्छित पडल्या. त्याच अवस्थेत त्यांना पांडुरंगाचे दर्शन घडले, आणि पुढे तुकोबांचा स्वप्नात अनुग्रह झाला. कालांतराने पतीचा विरोध मावळला. सारे कुटुंब देहूस गेले. तेथील मंबाजीचा छळ सर्वांस ठाऊकच आहे.

अंतकाळ समीप आला तेव्हा बहिणाबाईंनी परगावी गेलेल्या पुत्रास, विठोबास, पत्र धाडून बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची कथा त्याला सांगितली. मातेपाशी बसून तो ऐकत होता.