कौशल्यापुढचे बंद दार

जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले. राज्यघटनेचे शिल्पकार ही त्यांची ओळख एवढी मोठी की, दिल्लीतील ही चार वर्षे तिच्यापुढे झाकोळून जातात. बेरोजगारीविषयीची त्यांची दृष्टी मात्र याच काळात सरकारी धोरणात उतरू लागली.

या दृष्टीच्या मुळाशी स्वानुभव होता. कोलंबिया विद्यापीठात उच्चशिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्ती संस्थानचीच होती आणि नोकरीही मिळाली होती. परंतु अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले आणि अखेर नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. शिक्षणात काही उणे नव्हते. समाजाने दार लावून घेतले होते.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच चित्र व्यापक प्रमाणावर दिसत होते. अधिक मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. काम शिकण्याची संधीच नाकारायची आणि मग काम येत नाही म्हणून कमी मजुरीच्या खात्यात ठेवायचे, असे हे दुष्टचक्र होते. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

मंत्रिपदी येताच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सविस्तर निवेदन दिले. नोकऱ्यांत निश्चित वाटा, विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात व परदेशात शिष्यवृत्त्या, तसेच सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ कामगार म्हणून प्रवेश या मागण्या त्यात एकत्र गुंफल्या होत्या. ऑगस्ट १९४३ च्या आदेशाने केंद्रीय सेवांतील थेट भरतीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. लोकसंख्येतील वाटा याहून मोठा होता. पण पुरेसे पात्र उमेदवार मिळणार नाहीत, असे सरकारने गृहीत धरले होते. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४६ मध्ये राखीव वाटा १२.५ टक्क्यांवर गेला.

जुलै १९४५ मध्ये त्यांच्याच खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. प्रारंभी ते युद्धातून परतणारे सैनिक आणि युद्धकाळातील कामगार यांच्यासाठी होते. पुढे १९४८ मध्ये रोजगार विनिमय केंद्रे सर्वांना खुली झाली, तर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची साखळी उभी राहू लागली.

२०१४ पासून कौशल्यविकासाला स्वतंत्र मंत्रालय आहे. प्रशिक्षितांची संख्या मोजणे सोपे असते; त्यांना कामावर कोणी घेतले, हे तपासणे अवघड असते. बाबासाहेबांनी प्रशिक्षण आणि प्रवेश या बाबी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. राखीव पदापुढे योग्य उमेदवार उपलब्ध नाही असा शेरा मारला जातो, तेव्हा १९४२ चे ते निवेदन आठवायला हवे. उमेदवार घडवण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते.